पाण्याकाठी राहायला जावे का? खाडीतले घर, बंदराजवळचे घर, की आहे तेच बरे?

प्रश्न : डोलकाठी

नमस्कार. गेली सहा वर्षे माझ्याकडे साडेसात मीटर लांबीची, स्थिर कण्याची (बुडाखालचा कणा वर उचलता येत नाही अशी) शिडाची बोट आहे आणि ती आमच्या घरापासून मोटारीने अडीच तासांवर असलेल्या बंदरात उभी असते. गेल्या वर्षी मी एक वही ठेवली आणि त्या वहीनेच हा प्रश्न माझ्यासमोर आणला. वर्षभरात मी २१ वेळा बोटीवर गेले. त्यांपैकी ७ दिवस दुरुस्तीत गेले, ५ दिवस वारा एक तर पडलेला होता किंवा नको इतका वाढलेला होता, आणि प्रत्यक्ष शीड उभारले ते ९ दिवस. जाण्यायेण्याचे एकूण १०५ तास मोटारीत गेले आणि शिडाखाली जेमतेम ४० तास. दर वेळी पहिला तास गाद्यांचा कुबट वास घालवण्यात, उतरलेली बॅटरी चार्जिंगला लावण्यात आणि पक्ष्यांनी घाण केलेले ताडपत्रीचे आच्छादन धुण्यात जातो, तो वेगळा.

आता घर बदलण्याचा विचार चालू आहे. पहिला पर्याय खाडीकाठच्या घराचा आहे. मागच्या दारी स्वतःचा लाकडी धक्का आहे, तिथून खाडीचे मुख चार किलोमीटरवर आहे आणि वाटेत एक पूल लागतो. दुसरे घर मोठ्या बंदरापासून दहा मिनिटांवर असले, तरी तिथून पाण्याचा थेंबही दिसत नाही. तिसरा पर्याय अर्थातच जैसे थे. माझ्या यजमानांना पाणी पाहायला अतिशय आवडते, मात्र बोटीवर पाऊल ठेवले की अर्ध्या तासात त्यांना मळमळू लागते. सासूबाई आमच्याजवळ असतात. त्या ७९ वर्षांच्या आहेत आणि त्यांना हृदयाचा त्रास आहे.

खाडीतल्या घराचे आकडे मी गोळा केले आहेत. बोटीला तरंगायला १.२ मीटर पाणी लागते. पाण्याच्या पातळीपासून डोलकाठीचे टोक १०.२ मीटर उंच आहे. धक्क्यापाशी सागरी नकाशाच्या शून्य पातळीखाली (ओहोटीचे पाणी सहसा जिच्या खाली जात नाही ती पातळी; भरतीची उंची तिच्यापासूनच मोजतात) ०.६ मीटर खोली आहे. उधाणाच्या दिवशी पाणी ०.२ पासून ३.८ मीटरपर्यंत आणि भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, १.३ पासून २.७ मीटरपर्यंत चढते. पुलाखालची मोकळी उंची उधाणाच्या भरतीच्या पातळीपासून ९ मीटर आहे. माझे मन पहिल्या घराकडे ओढ घेत आहे, हे लपवत नाही. अनुभवी मंडळींनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

उत्तर १ : भांगाचे पाणी

आपण आकडे दिलेत, याबद्दल आभार. बहुतेक जण सूर्यास्ताचे छायाचित्र देतात. हेच आकडे एकमेकांशेजारी मांडून पाहू.

धक्क्यावरून निघायचे तर कण्याखाली किमान अर्धा मीटर पाणी हवे, म्हणजे एकूण १.७ मीटर. त्यासाठी भरती शून्य पातळीच्या वर १.१ मीटर तरी असली पाहिजे. पुलाखालून जायचे तर डोलकाठी आणि वर अर्धा मीटर मोकळीक धरून १०.७ मीटर हवेत. उधाणाच्या भरतीला ९ मीटरच मिळतात, म्हणून पाणी त्या पातळीपासून १.७ मीटर खाली, अर्थात २.१ मीटरवर किंवा त्याखाली उतरलेले हवे. थोडक्यात, धक्का आपल्याला जास्त पाणी मागतो आणि पूल कमी पाणी मागतो, आणि या दोघांच्या भांडणात आपल्याला पाण्याची फक्त एक मीटरची पट्टी मिळते.

ही पट्टी वेळेत किती होते, ते बारा भागांच्या जुन्या नियमाने काढता येते. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एक भाग चढते, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटच्या तासाला पुन्हा एक भाग. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढते, हे त्यातले मर्म आहे. आपल्याकडे उधाणाला एक भाग ०.३ मीटरचा आहे. म्हणून ओहोटीनंतर दोन तासांनी पाणी १.१ मीटरवर येईल आणि त्यानंतर जेमतेम एका तासात, ते सर्वांत वेगाने चढत असतानाच, २.१ मीटर ओलांडून पूल बंद करील. उतरत्या पाण्यालाही तेच उलट्या क्रमाने घडेल. म्हणजे उधाणाच्या दिवशी ओहोटी लागल्यावर तासाभराच्या फटीतून बाहेर पडायचे, आणि मध्ये चार तास गेल्यावर चढत्या पाण्याच्या तासाभराच्या फटीतून परत यायचे. तो वेळ चुकला तर खाडीबाहेर नांगर टाकून थांबणे आले. भांगाच्या दिवसांत मात्र धक्क्यापाशी पाणी कधीच कमी पडत नाही आणि पूल ओहोटीच्या आगेमागे मिळून सुमारे साडेसहा तास उघडा राहतो. हा नियम अंदाजाचा आहे. अरुंद खाडीत भरती लवकर चढते आणि ओहोटी रेंगाळते, तेव्हा त्या गावच्या भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

आता एक गोष्ट, जी घर दाखवणारा दलाल कधीही सांगणार नाही, कारण बहुधा त्यालाच ती ठाऊक नसते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे सर्वांना माहीत असते. परंतु एका ठिकाणी उधाणाची भरती घड्याळात नेहमी जवळपास त्याच सुमारास येते, कारण उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या पाठोपाठ येते आणि तेव्हा चंद्रसूर्यांची आकाशातली मांडणी तीच असते. म्हणून त्या धक्क्यावर उधाणाची भरती किती वाजता येते, हे आधी पाहा आणि ती वेळ आपल्या नोकरीच्या वेळेशेजारी ठेवा. घर आवडले की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

खाडीचे मुखही पाहून ठेवा. जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे बहुधा वाळूचा दांडा साचतो, आणि ओहोटीचे वेगाने बाहेर जाणारे पाणी समोरून येणाऱ्या लाटांना भिडले की त्या लाटा आखूड, उभ्या होऊन त्या दांड्यावर फुटतात. त्याच लाटा त्याच वाऱ्यात भरतीच्या वेळी सौम्य असतात. आपल्याला तर पुलापायी ओहोटीलाच बाहेर पडावे लागणार आहे.

उत्तर २ : ओहोटीनंतर

मी अकरा वर्षांपूर्वी खाडीकाठी राहायला आलो आणि अजून तिथेच आहे, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. वरच्या गणिताबद्दल मला बोलायचे नाही. ते बरोबर आहे. घराबद्दल बोलतो.

येथे आल्यावर आमचे बोटीवर जाणे वाढले, यात शंका नाही, पण ते ज्या प्रकारे वाढले त्याची मला कल्पना नव्हती. पूर्वी वर्षातून आठ-दहा वेळा, पण दोन-दोन दिवस जात असू. आता आठवड्यातून दोनदा, तास-दीड तास जातो. लांबचे प्रवास जवळजवळ बंद पडले. बोट दारात असली की ती दिसते, आणि बोट दिसली की तिच्यावरचे काम दिसते. रविवारी सकाळी दोरखंड बदलायला म्हणून खाली उतरलेला माणूस दुपारी दोनला वर येतो आणि शीड मात्र उभारलेले नसते.

खाऱ्या हवेची बाधा घराला बोटीपेक्षा अधिक होते, कारण बोट त्या हवेसाठी बांधलेली असते आणि घर नसते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या बिजागऱ्यांपैकी फक्त खाडीकडच्या खिडकीजवळच्या तीन बिजागऱ्या तपकिरी पडल्या; समोरच्या भिंतीवरच्या, त्याच दिवशी त्याच खोक्यातून बसवलेल्या, अजून कोऱ्या आहेत. एवढ्या चार पावलांत इतका फरक पडतो. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, छताचे खिळे, मोटारीचा तळ, सगळ्यांचे आयुष्य आपण धरून चालतो त्याहून कमी मानावे. शिवाय रात्री वारा सुटला की दोरखंड धातूच्या डोलकाठ्यांवर टणटण आपटतात. पाहुण्यांना तो आवाज रम्य वाटतो. तिसऱ्या रात्रीनंतर वाटत नाही.

मोठा खर्च मात्र काठाच्या बांधाचा. जमीन धरून ठेवणारी भिंत कोणी बांधली, किती जुनी आहे आणि तिच्या पायथ्याशी पाणी माती कुठे पोखरत आहे, हे ऐन ओहोटीला चिखलात उतरून पाहावे. भरतीला सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग चढता आहे. वीस सेंटिमीटर हा आकडा किरकोळ वाटतो, पण उधाण, वादळी वारा आणि नदीचा पूर एकाच रात्री आले की आपल्या उंबऱ्याचा निकाल तेवढ्याच फरकाने लागतो. म्हणून घराचा सौदा करण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. विम्याचा नकार हे त्या जमिनीबद्दलचे सर्वांत प्रामाणिक मत असते.

धक्क्याच्या मालकीचीही खात्री करून घ्या. समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा आहे, हे तत्त्व सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५३३ मधील रोमन कायद्याच्या ग्रंथात नोंदलेले आहे आणि आजही अनेक देशांच्या कायद्यांत त्याची छाया आहे. त्यामुळे घर आपले, पण भरती-ओहोटीच्या मधली जमीन आणि तिच्यावरचा धक्का केवळ परवान्याने वापरायचा, अशी स्थिती सर्रास आढळते, आणि तो परवाना घराबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतोच असे नाही. आमच्या बाबतीत विकणाऱ्याने ‘धक्का घरासोबतच आहे’ असे तोंडी सांगितले होते. त्याच्या नावाचा परवाना आधीच संपला होता, हे आम्हाला खरेदीनंतर चार महिन्यांनी कळले आणि नवा मिळेपर्यंत दोन हंगाम बोट दुसरीकडे ठेवावी लागली.

इतके सगळे सांगूनही मी येथून हलणार नाही. पहाटे पाणी चढताना चिखलातली बुडबुड ऐकू येते आणि मग बोट एका बाजूला टेकलेली असते ती हळूच सरळ होते. हे पाहायला मिळावे म्हणून मी बिजागऱ्या बदलत राहीन. पण हे सुख पाहण्याचे आहे. बोट चालवण्याचे नाही. आपल्या घरात त्या दोन इच्छा दोन वेगळ्या माणसांच्या आहेत, असे आपल्याच लिहिण्यावरून दिसते.

उत्तर ३ : गोडे पाणी

मी तळ्यावर बोट चालवतो, त्यामुळे माझ्याकडे भरतीची कोष्टके नाहीत आणि मला त्यांची उणीवही भासत नाही. आपल्या यादीत तळे नाही, तरी एक-दोन गोष्टी सांगतो, कारण खाऱ्या पाण्याची मंडळी गोड्या पाण्याला फार सोपे समजतात.

गोड्या पाण्याने धातू कमी गंजतो आणि लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे जगत नाही. हा जहाजकिडा खरे तर किडा नसून शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. बाल्टिक समुद्राचे पाणी नदीमुखांमुळे इतके फिके आहे की तो तिथे फारसा तग धरत नाही. म्हणूनच १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले ‘वासा’ हे लाकडी जहाज ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, जवळपास अखंड वर काढता आले. समुद्रावरून तळ्यावर जाणाऱ्याने बोटीच्या बुडाला लावलेल्या, स्वतः झिजून बाकी धातू वाचवणाऱ्या पट्ट्याही बदलाव्या लागतात: खाऱ्या पाण्यात जस्त चालते, गोड्यात मॅग्नेशियम, आणि खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम.

धोकाही आहे. धक्क्यावरच्या विजेची तार सदोष असेल तर गोड्या पाण्यात पोहणारा माणूस जास्त धोक्यात असतो, कारण खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा विजेचे चांगले वाहक आहे आणि गोडे पाणी शरीरापेक्षा वाईट. मग वीज शरीराची वाट धरते. स्नायू आखडतात आणि माणूस बुडतो, आणि बाहेरून कारण दिसतही नाही. वीज असलेल्या धक्क्याजवळ कोणीही पोहू नये, मग घरच्या धक्क्याला आपण कितीही आपले म्हणत असू. धरणाच्या जलाशयाकाठी घर घेणाऱ्यांनी पाणी सर्वांत खाली गेलेल्या महिन्यातच जागा पाहावी. काठावरचे घर तेव्हा चिखलाच्या मैदानाकाठचे झालेले असते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. बोटीसाठी चांगली जागा म्हणजे आडोशाची, खोल आणि वाऱ्यापासून राखलेली. आणि डोळ्यांसाठी चांगली जागा म्हणजे उघडी, दूरवर पाणी दिसणारी. लाटेची उंची वाऱ्याचा जोर, त्याचा काळ आणि त्याला मिळालेले मोकळे पाणी या तिन्हींवर ठरते. ज्या खिडकीतून क्षितिज दिसते त्या खिडकीखाली लाटांना वाढायला भरपूर मैदान मिळालेले असते. दोन्ही एका जागी मिळाल्या तर भाग्य, पण तेवढ्यासाठी सासूबाईंना रुग्णालयापासून लांब नेऊ नये. वादळाच्या रात्री खाडीकाठच्या सखल रस्त्यावर पाणी आले तर रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचते का, एवढे शेजाऱ्यांना विचारा. शेजारी खरे सांगतात, कारण त्यांना काही विकायचे नसते.

माझे मत दुसऱ्या घराच्या बाजूने आहे. दार लावल्यापासून बोटीचे दोर सोडेपर्यंत किती मिनिटे लागतात, हा एकच आकडा मोजा. दहा मिनिटांवर सर्व वेळी खोल पाणी असलेले बंदर हे दाराशी असलेल्या पण पाण्याची वाट पाहायला लावणाऱ्या धक्क्यापेक्षा जवळ आहे.

डोलकाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘भांगाचे पाणी’ यांनी सांगितल्याप्रमाणे त्या खाडीचे वर्षभराचे कोष्टक काढून बसले. तिथे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. म्हणजे उधाणाच्या दिवशी मला बाहेर पडता येईल ते साधारण तीन ते चारच्या दरम्यान, आणि माझे काम संपते साडेपाचला. तेव्हा बोट चिखलात टेकलेली असेल. भांगाच्या दिवसांत संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे पूल बंद. मधल्या तीन-चार दिवसांत संध्याकाळी निघता येते, पण परत येईतो रात्रीचे दहा वाजतात. ज्या संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी मी हे घर पाहत होते, त्या संध्याकाळीच तिथे मिळत नाहीत, हे कागदावर पाहून थोडा वेळ गप्पच बसले.

यजमानांना ‘ओहोटीनंतर’ यांचे उत्तर वाचून दाखवले. बोट चिखलातून सरळ होते, त्या वाक्यावर ते थांबले आणि म्हणाले, की मला तर तेवढेच हवे आहे. म्हणून असे ठरवले आहे, की घर आताच विकायचे नाही. येत्या प्रतिकूल ऋतूत, जेव्हा बहुतेक जण आपल्या बोटी काठावर ओढून शाकारून ठेवतात, तेव्हा बंदराजवळ तीन महिन्यांसाठी भाड्याचे घर घ्यायचे आणि माझी बोट मात्र पाण्यातच ठेवायची. रुग्णालय तिथून पंधरा मिनिटांवर आहे, रस्ता चढावर आहे. सासूबाईंची तपासणी तिथल्या डॉक्टरांकडे सुरू करून पाहू. त्या तीन महिन्यांत यजमान रोज बंदरावर फिरायला जातील आणि पाण्यावाचून घरात त्यांचे मन रमते का, तेही कळेल.

आता एकच शंका उरली आहे. तरंगत्या धक्क्यावर मला दोन जागा देऊ केल्या आहेत. एकीत नेहमीचा वारा बोटीला धक्क्यावर दाबतो, दुसरीत तो नाळेवरून, म्हणजे समोरून येतो, पण ती जागा वाटेपासून आत, दोन बोटींच्या मध्ये आहे. मी बहुधा एकटीच बोट हाकणार आहे.

भांगाचे पाणी

दुसरी घ्या. वारा समोरून असेल तर आत शिरताना तोच ब्रेक होतो; इंजिनाचा जोर काढला की बोट आपण होऊन थांबते आणि उतरून पहिला दोर बांधायला वेळ मिळतो. पहिल्या जागी लागणे सोपे वाटेल, वाराच बोटीला धक्क्याला चिकटवून देईल, पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. अशा दिवशी एकटीने तिथून सुटणे कठीण, आणि रात्रभर बोटीचे अंग धक्क्यावर घासत राहील ते वेगळेच. सही करण्याआधी, जोराचा वारा सुटलेल्या एखाद्या दिवशी जाऊन त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या बोटींचे दोर हातात घेऊन पाहा. खुंटीपाशी दोराचे पीळ केसाळ झालेले असतील तर तिथे लाट आत येते, मग बंदराच्या नकाशात काहीही दाखवलेले असो.